भुऱ्याच्या गोळ्या आणि धसकटाची जखम

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात शेतवस्तीवर राहतो. आमच्याकडे भुऱ्या नावाचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा आहे. त्याचे वजन २५ किलो आहे. पोळ्याच्या आठवडाभर आधी त्याने खाणे सोडले, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या. तालुक्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला नागपूरला नेले. तिथे पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे टक्क्यांतील प्रमाण) १३ निघाला, एकदा रक्त चढवावे लागले आणि शरीराची प्रतिकारशक्तीच तांबड्या पेशी फोडत असल्याचे निदान झाले. प्रेडनिसोलोन हे प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉईड रोज ५० मि.ग्रॅ.ने सुरू झाले, ते आता ३० मि.ग्रॅ.वर आले आहे. त्याच कामासाठी ॲझाथायोप्रिनची ५० मि.ग्रॅ.ची गोळी एक दिवसाआड चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी पीसीव्ही ३६ होता. तो पाणी फार पितो, रात्रीतून चारदा लघवीला उठतो, पोट सुटले आहे आणि सावलीत बसूनही धापतो. सोयाबीनच्या सोंगणीत त्याच्या मागच्या पायात धसकट घुसले, त्याला आज चार दिवस झाले. बोटांच्या मध्ये सूज आहे आणि थोडा पू येतो, पण कान गरम लागत नाहीत. दोन दिवसांपासून लघवी थेंब थेंब होते. कालपासून भाकरीकडे पाहत नाही. शेजारचे काका म्हणतात की या गोळ्यांनीच प्रतिकारशक्ती मेली, त्या आजच बंद करा. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकची एक पट्टी आणि दुखण्याची गोळी दिली आहे; अजून दिलेली नाही. काय करावे? अंगावर गोचीड आहेत आणि रेबीजच्या लसीची तारीखही जवळ आली आहे, त्याबद्दलही सांगावे.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओघात लिहून गेला आहात, ते म्हणजे भुऱ्या कालपासून भाकरीकडे पाहत नाही. रोज ३० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनवर असलेला कुत्रा हावरा होतो; तो कोंबड्यांचे खाद्य खातो, उकिरडा उकरतो, ताट धुण्याआधी चाटून जातो. अशा कुत्र्याने जेवण सोडले तर ते साध्या कुत्र्याने एक वेळ न जेवण्यासारखे नसते. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी आपल्याला दूरध्वनीवर कळवले त्याप्रमाणे, आणि अशाच स्थितीत असलेल्या इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो, की असा कुत्रा चोवीस तासांच्या आत डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. लघवीसाठी जोर लावूनही थेंब निघत नसेल, श्वास एकाएकी वाढला असेल, काळी डांबरासारखी शी झाली असेल किंवा तो उभा राहू शकत नसेल, तर चोवीस तासही थांबू नये.

तोपर्यंत प्रेडनिसोलोन बंद करू नये. शेजारच्या काकांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते धोक्याचे आहे. या औषधाने जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते हे बरोबर आहे. भुऱ्याच्या तांबड्या पेशी वाचल्या त्यासुद्धा त्यामुळेच. पण मूत्रपिंडांजवळ अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज थोडे कॉर्टिसॉल तयार करतात, आणि आजार, जखम, उपवास अशा ताणाच्या वेळी त्याचे प्रमाण वाढवतात. बाहेरून दोन महिने प्रेडनिसोलोन मिळाल्यावर या ग्रंथी काम सोडून बसतात व आकाराने लहान होतात. गोळी एका दिवसात बंद केली तर त्या दुसऱ्या दिवशी कामाला लागत नाहीत, त्यांना काही आठवडे लागतात. नेमका जंतुसंसर्गाच्या दिवसांत शरीर कॉर्टिसॉलविना उघडे पडले तर उलट्या, थंड अंग, रक्तदाब खचणे आणि मृत्यू, असा क्रम लागू शकतो. शिवाय मूळ आजार उलटण्याची भीती वेगळीच. संसर्ग गंभीर असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोनची मात्रा कमी करू शकतील, किंवा दुसरे औषध थांबवून प्रेडनिसोलोन तसेच ठेवतील. हा निर्णय रक्ताचा अहवाल पाहून घ्यायचा असतो. ॲझाथायोप्रिनबाबत मात्र माझे म्हणणे असे, की पुढची गोळी देण्याआधी पांढऱ्या पेशींची संख्या पाहावी. हे औषध अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि पांढऱ्या पेशी खाली आल्या असतील तर आणखी एक गोळी ही आगीत तेल ठरते.

मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी ताबडतोब परत करावी. मेलोक्झिकॅम, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी कोणतेही औषध प्रेडनिसोलोनसोबत दिल्यास जठराला व्रण पडून आतून रक्तस्राव होऊ शकतो. पीसीव्ही ३६ वर आणण्यासाठी आपण दोन महिने घालवले आहेत, ते रक्त दोन गोळ्यांत पोटात सांडू नये. पॅरासिटामॉल निरुपद्रवी असल्याची समजूत गावोगावी आहे. माणसाच्या मात्रेत ते कुत्र्याचे यकृत बिघडवते आणि तांबड्या पेशींनाही इजा करते.

आता ‘कान गरम लागत नाहीत’ याविषयी. ताप हा शरीराने जंतूंना दिलेल्या उत्तराचा एक भाग आहे, आणि प्रेडनिसोलोनचे काम तेच उत्तर दाबण्याचे आहे. सूज कमी दिसते, लाली कमी दिसते, दुखणे कमी जाणवते, ताप येत नाही किंवा जेमतेम येतो. साध्या कुत्र्याचा पाय धसकट घुसल्यावर दुसऱ्या दिवशी टम्म फुगून तो लंगडला असता. भुऱ्याचा पाय चौथ्या दिवशी ‘थोडा पू’ दाखवतो. आत किती पोखरले आहे हे त्यावरून कळत नाही. त्यातच ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मे महिन्यातील ४५ अंशांत कानाला हात लावून काहीच निदान होत नाही. दहा ठिकाणी तपासायला गेलो की नऊ ठिकाणी मालक कान धरून ताप सांगतो, आणि मी थर्मामीटर काढला की त्याला तो डॉक्टरांचा सोपस्कार वाटतो.

माणसांचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, तो कुत्र्यासाठी वेगळा ठेवावा, टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात दीड-दोन सेंटिमीटर सरकवावा. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. रोज पहाटे, उन्ह चढण्याआधी, गोळी देण्याच्या वेळी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहावे. १०३ किंवा त्याहून अधिक आले तर त्याच दिवशी निघावे. १०१.५ आले म्हणून निर्धास्त होऊ नये; त्या चौकटीत तापमानाशेजारी जेवला की नाही, हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग आणि गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो हे लिहावे. झोपेतील श्वास तिसाच्या आत असावेत. जागेपणी धापणे या औषधाने होतच असते, त्यामुळे जागेपणीचे मोजू नयेत. पाणी फार पिणे, वारंवार पण भरपूर लघवी होणे, सुटलेले पोट, मांड्यांचे आटलेले मांस हे सर्व औषधाचे परिणाम आहेत आणि मात्रा उतरत गेली की मागे हटतात. थेंब थेंब लघवी त्या यादीत बसत नाही, जेवण सोडणे तर मुळीच नाही.

येथे स्वतःच्या हातून झालेली चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी यवतमाळकडील एका वस्तीवरची कुत्री माझ्याकडे याच आजारासाठी येत असे. तिसऱ्या महिन्यात तिच्या हिरड्या पुन्हा पांढऱ्या पडल्या, लघवी पुन्हा गडद झाली. आजार उलटला असे समजून मी प्रेडनिसोलोन वाढवले. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे, म्हणजे स्लाइड करण्याचे, दुसऱ्या दिवसावर ढकलले, कारण संध्याकाळ झाली होती आणि त्यांची शेवटची एसटी चुकत होती. चार दिवसांनी स्लाइडवर तांबड्या पेशींमध्ये बॅबेसियाचे परजीवी दिसले. मात्रा वाढवून मी त्यांना मोकळे रान दिले होते. कुत्री वाचली, पण तिला दुसऱ्यांदा रक्त द्यावे लागले. तेव्हापासून स्लाइड पाहिल्याशिवाय या आजारात मी प्रेडनिसोलोनची मात्रा वाढवत नाही, मग एसटी चुकली तरी चालेल.

विदर्भात ही गल्लत होण्याचे कारण गोचिडात आहे. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडामुळे बॅबेसिया आणि एहर्लिकिया हे दोन आजार पसरतात. बॅबेसिया तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो, आणि त्यातून प्रतिकारशक्तीही बिथरून उरलेल्या निरोगी पेशींवर तुटून पडते. एहर्लिकियात बहुधा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात. म्हणजे पांढऱ्या हिरड्या आणि गडद लघवी ही मूळ आजार उलटल्याचीही खूण आहे आणि गोचीडतापाचीही. पहिल्यात प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते, दुसऱ्यात परजीवी मारावा लागतो. आपल्या कुत्र्याला रक्त चढवले होते, हेही लक्षात ठेवावे; रक्त देणाऱ्या कुत्र्यात बॅबेसिया असेल तर तो रक्ताबरोबर येतो. नागपूरला दात्याची तपासणी झाली होती का, हे जुन्या कागदांत पाहून डॉक्टरांना सांगावे.

म्हणून जाताना रक्ताच्या तपासणीची तयारी ठेवावी. पीसीव्ही, पूर्ण रक्तगणना, ताज्या रक्ताची स्लाइड, यकृताची इजा दाखवणारे एएलटी आणि लघवीची तपासणी एवढे किमान आवश्यक आहे. स्लाइड शक्यतो कानाच्या टोकाला सुई टोचून निघालेल्या थेंबाची असावी, कारण परजीवी असलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अधिक सापडतात. ती जागेवरच करून हवेत वाळवावी. तालुक्याला पशुरक्ताची प्रयोगशाळा नसते आणि नमुना माणसांच्या पॅथॉलॉजीत जातो. त्यात गैर काही नाही, परंतु तेथील यंत्र माणसाच्या पेशींच्या आकारावर बसवलेले असते व कुत्र्याच्या पेशी त्याहून लहान असल्याने छापील आकडे फसवू शकतात. बारीक नळीत रक्त फिरवून हाताने वाचलेला पीसीव्ही आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशी मागाव्यात. दूर पाठवायचा असेल तर जांभळ्या बुचाच्या नळीत घेतलेला नमुना कापडात गुंडाळून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवावा. नळी बर्फाला थेट टेकली तर पेशी फुटतात. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था ही विदर्भातील मोठी सरकारी शिक्षण-रुग्णालये असून अवघड रुग्ण तिकडे पाठवता येतात.

अहवाल हातात आल्यावर दोन आकड्यांनी घाबरू नये. प्रेडनिसोलोननेच पांढऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे २० हजारांचा आकडा म्हणजे संसर्गच असे नाही. त्या पेशींत अपरिपक्व न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती आहेत हे स्लाइडवर पाहिल्यावर अंदाज येतो. एएलपी नावाचा यकृताचा आकडाही कुत्र्यात या औषधाने चढतो. ॲझाथायोप्रिनसाठी एएलटी पाहावा, आणि पहिले दोन महिने तो व रक्तगणना दर दोन आठवड्यांनी व्हायला हवी होती. राहिली असल्यास आता व्हावी. उलट पांढऱ्या पेशी कमी आल्या तर ते गंभीर आहे. न्यूट्रोफिल प्रति मायक्रोलिटर एक हजाराखाली असतील तर अंगात ताप असो वा नसो, कुत्र्याला भरती करून शिरेतून प्रतिजैविक देण्याची वेळ आली असे समजावे.

पायाच्या जखमेत धसकटाचा तुकडा राहिला असण्याची शक्यता मला दाट वाटते. लाकडाचा तुकडा आत असेपर्यंत कोणत्याही प्रतिजैविकाने पू थांबत नाही. औषध चालू असेपर्यंत जखम मिटल्यासारखी दिसते आणि बंद केल्यावर पुन्हा फुटते. डॉक्टरांनी केस कापून, गरज पडल्यास भूल देऊन जखम उघडून पाहावी आणि पुवाचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, घ्यावा. घरी आपण एवढेच करावे : एक लिटर पाणी उकळून थंड करावे, त्यात दीड सपाट चमचा मीठ घालावे, सुई काढलेल्या सिरिंजने जखम दिवसातून दोनदा धुवावी, कोरडी करावी आणि पॉव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचे झाल्यावर लावावे. मळ्यात सोडू नये, माशी बसू देऊ नये. प्रेडनिसोलोनवरच्या कुत्र्याची जखम सावकाश भरते आणि या दिवसांत उघड्या जखमेत दोन दिवसांत किडे पडतात.

किडे पडलेच तर आपल्याकडे जखमेत फिनाईल, रॉकेल, पेट्रोल किंवा डांबरगोळीची पूड भरतात. यांतील डांबरगोळीबद्दल मला मुद्दाम लिहायचे आहे. ती नॅफ्थलीनची असते, नॅफ्थलीन शरीरात शोषले जाते आणि तांबड्या पेशी फोडते. ज्या कुत्र्याच्या तांबड्या पेशी वाचवण्यासाठी एवढा खटाटोप चालला आहे, त्याच्या जखमेत ती भरणे म्हणजे आजार हाताने परत बोलावणे होय. किडे चिमट्याने काढावेत, बाकीचे डॉक्टरांवर सोपवावे. कांदा आणि लसूणही डांबरगोळीसारख्याच तांबड्या पेशी फोडतात. काल रात्रीच्या रश्श्यात किंवा झुणक्यात कुस्करलेली भाकर आपल्याकडे कुत्र्याचा रोजचा घास असतो. भुऱ्याला यापुढे कांद्याविना भाकर, भात, अंडे, उकडलेले चिकन, थोडे दही असे द्यावे. ढोर मेल्यावर किंवा गाय व्यायल्यावर कोठ्याबाहेर टाकलेले मांस, वार वगैरे त्याच्या तोंडी लागू देऊ नये. कच्च्या मांसातील जंतू निरोगी कुत्रा पचवतो, हा सध्या पचवू शकणार नाही.

लघवीचा प्रश्न वेगळा आहे. लांब काळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्या कुत्र्यांच्या मूत्राशयात जंतू वाढतात आणि पुष्कळदा काहीही लक्षण दिसत नाही. लक्षण नसताना केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून औषध देण्याचा आग्रह आता धरला जात नाही. पण थेंब थेंब लघवी हे लक्षणच आहे. भुऱ्याचे खच्चीकरण झालेले नसेल तर प्रोस्टेट ग्रंथीही तपासली पाहिजे, कारण अशा नराच्या लघवीतील संसर्ग अनेकदा तिथे दडून बसतो आणि मग औषध अधिक दिवस द्यावे लागते. कल्चरसाठी लघवी डॉक्टरांनी सुईने मूत्राशयातून काढावी. अंगणात वाटीत धरलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात आणि अहवाल निरुपयोगी ठरतो.

मेडिकलमधील प्रतिजैविकाची पट्टी आपण दिली नाही हे उत्तम केले. नमुना घेण्याआधी दोन गोळ्या पोटात गेल्या तरी कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि मग सगळेच अंधारात चालते. कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. मात्र त्यांना मूळ आजाराची आठवण द्यावी, कारण सल्फा गटातील औषधांनी काही कुत्र्यांत प्रतिकारशक्तीचे विकार उद्भवल्याचे माहीत आहे आणि अशा कुत्र्यात ती शक्यतो टाळतात. डॉक्सिसायक्लिन दिले गेल्यास ते जेवणासोबत द्यावे व नंतर तोंडात थोडे पाणी सोडावे, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. दुधाबरोबर ते देऊ नये. जठरासाठी सुक्रालफेट चालू असेल तर दोघांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर डॉक्सिसायक्लिन अंगी लागत नाही.

प्रेडनिसोलोन सकाळी जेवणासोबत द्यावे. एखाद्या सकाळी राहिले तर आठवल्यावर द्यावे, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. गोळी तुपाच्या भाकरीत लपवून दिली की काम झाले असे मानू नये. एका घरी ‘रोज न चुकता’ दिलेल्या गोळ्यांपैकी सात मला कोठ्याच्या कुडामागे सापडल्या होत्या. ॲझाथायोप्रिनची गोळी तोडू वा कुटू नये, हातमोजे घालून द्यावी आणि घरात गर्भवती असेल तर तिने तिला हात लावू नये. रक्त स्थिर राहिले तर प्रेडनिसोलोन साधारण दर तीन आठवड्यांनी पाव हिश्श्याने उतरवतात, पण प्रत्येक उतरणीआधी पीसीव्ही पाहून. निरोगी कुत्र्याचा तो सुमारे ३७ ते ५५ असतो. सध्याचा संसर्ग निवळेपर्यंत पुढची उतरण लांबेल, त्याची मनाची तयारी ठेवावी. एकूण उपचार चार ते आठ महिने चालू शकतो.

गोचिडांसाठी ढोरांवर फवारायचे औषध भुऱ्यावर ओतू नये. कुत्र्यांसाठी वजनानुसार महिनाभर किंवा तीन महिने काम करणाऱ्या पोटातून द्यायच्या गोळ्या मिळतात. त्याला कधी झटके आले असतील तर ते आधी सांगावे. मात्र कुत्र्याचा गोचीड बहुतेक आयुष्य कुत्र्यावर काढत नाही. रक्त पिऊन तो उतरतो आणि मातीच्या भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, छपराच्या बांबूत चढून बसतो. एक मादी हजारो अंडी घालते. त्यामुळे भेगा बुजवून, भुऱ्याला दूर बांधून भिंतीवर फवारणी करावी लागेल. रोज संध्याकाळी कानात, गळ्याखाली, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवावा. बॅबेसियाचा परजीवी अंगात सोडायला गोचिडाला बहुधा दोन दिवस चिकटून राहावे लागते, म्हणून या पाच मिनिटांना खरोखर किंमत आहे. एहर्लिकियाला मात्र काही तास पुरतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, बोटांनी चिरडू नये.

रेबीजची लस मृत विषाणूंची असते, तिच्यातून आजार होण्याची भीती नाही. अडचण एवढीच की या मात्रेवर शरीर लसीला पुरेसे उत्तर देईलच असे नाही, आणि लस हे प्रतिकारशक्तीला दिलेले चेतवणेही आहे. संसर्ग निवळून प्रेडनिसोलोन बरेच खाली आल्यावर ती घेणे मला योग्य वाटते, तोपर्यंत भुऱ्याला रात्रीच्या जागलीला नेऊ नये. परंतु पिसाळलेल्या जनावराने चावल्याचा संशय आला तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे लस सुरू करावी. पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात. त्या या काळात देऊ नयेत.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या कुत्रीच्या हिरड्यांवर आणि पोटावर लाल ठिपके आले, नाकातून रक्त आले. प्लेटलेट १८ हजार निघाल्या. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन २८ दिवस आणि सोबत थोडे दिवस प्रेडनिसोलोन लिहिले. एक औषध जंतू मारते आणि दुसरे जंतूंना वाढू देते, मग दोन्ही एकदम कसे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि डॉक्टरांचा निर्णयही. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. १८ हजारांवर कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. एहर्लिकियात प्लेटलेट कमी होण्यामागे जंतू असतो, पण त्या प्रत्यक्ष नष्ट करण्यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचाही हात असतो. डॉक्सिसायक्लिन मुळावर काम करते, त्याला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत कुत्री रक्तस्रावाने दगावू नये म्हणून प्रेडनिसोलोनचा आधार घेतात. जंतूविरोधी औषध सोबत चालू असताना थोड्या दिवसांचा हा आधार चालतो. ठिपके आठवड्यात जातील आणि कुत्री हुंदडू लागेल, तेव्हा डॉक्सिसायक्लिन सोडण्याचा मोह होईल. २८ दिवस पूर्ण करावेत. प्रेडनिसोलोन डॉक्टर सांगतील तसे उतरवावे. प्लेटलेट वर येईपर्यंत मांडीत इंजेक्शन घेऊ देऊ नये, हाडे चघळायला देऊ नयेत आणि दुसऱ्या कुत्र्यांशी भांडण होऊ देऊ नये.

प्रश्न : वडिलांच्या दम्यासाठी घरात स्टेरॉईडच्या गोळ्या असतात. कुत्र्याच्या संपल्या तर त्याच दिल्या तर चालतील का?

उत्तर : वेष्टनावरचे नाव वाचावे. प्रेडनिसोलोन असेल तर औषध तेच आहे, माणसांच्याच गोळ्या कुत्र्यांना लिहिल्या जातात, आणि एक दिवस खंड पडू देण्यापेक्षा मिलिग्रॅम जुळवून तीच द्यावी. डेक्सामेथासोन असेल तर देऊ नये. ते मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सुमारे सातपट तीव्र आहे, आणि खेड्यात ‘स्टेरॉईड’ या एका शब्दाखाली दोन्ही खपतात. गोळ्या पाच दिवसांच्या उरल्या की नवीन आणून ठेवाव्यात, आणि वडिलांच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यांच्या पट्टीतही तितक्याच परत ठेवाव्यात, कारण त्यांचाही खंड पडता कामा नये.